हिंदमाता, शीव की मुलुंड? घर घेताना आधी जमीन बघा

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. लालबागच्या चाळीतली पागडीची खोली दिली, गेली दोन वर्षं भाड्यानं राहता. घरात पाच माणसं: तुम्ही दोघं, आठवीतली मुलगी आणि सासू-सासरे. सासऱ्यांना रात्री ऑक्सिजनचं मशीन लावावं लागतं, सासूबाईंचे गुडघे गेलेले. कर्ज धरून हाताशी दीड कोटी. तीन घरं बघून ठेवली आहेत. पहिलं दादर-परळकडच्या हिंदमाताजवळ, नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके. दुसरं शीवला, ४४ वर्षं जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके, लिफ्ट आहे. तिसरं मुलुंड पश्चिमेला डोंगराकडच्या बाजूला, बांधकाम चालू असलेल्या टॉवरमध्ये टू बीएचके, ताबा तीन वर्षांनी. शेवटी तुम्ही विचारलंय, "यातला कुठला एरिया चांगला? पाण्याची भीती वाटते, पण एजंट म्हणतो तिसऱ्या मजल्यावर कसलं पाणी?"

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. २९ वर्षं इमारतींचं ऑडिट आणि दुरुस्ती करतो, त्यातलं निम्म्याहून जास्त काम परळ, दादर, माटुंगा, शीव या पट्ट्यातलं. घरं विकत नाही आणि दलालीही घेत नाही. तुमच्या तिन्ही इमारती मी आतून पाहिलेल्या नाहीत, तेव्हा खाली जे सांगतो ते त्यांच्यावरचा निकाल समजू नका. काय बघायचं आणि का, एवढंच सांगतो. माझा कल कुठे आहे तेही सांगेन.

आधी त्या एजंटच्या वाक्याबद्दल. तिसऱ्या मजल्यावर पाणी येणार नाही हे खरंच आहे. पण घर कोरडं राहणं वेगळं आणि घर चालू राहणं वेगळं. खाली तीन फूट पाणी साचलं की मीटरच्या खोलीला धोका म्हणून वीज तोडतात. लिफ्ट बंद पडते, कारण तिचा खड्डा जमिनीखाली असतो आणि सगळ्यात आधी तोच भरतो. जमिनीखालच्या टाकीचं झाकण पाण्याखाली गेलं की गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळतं. पुढे दोन-तीन दिवस टाकी उपसून, धुऊन, ब्लीचिंग टाकून पुन्हा भरेपर्यंत नळाला हात लावायचा नाही. अशा रात्री तुमच्या घरात सासऱ्यांचं मशीन बंद आणि सासूबाईंना जिना उतरता येत नाही. रिक्षा, टॅक्सी, अँब्युलन्स, काहीच दारापर्यंत येत नाही. म्हणून एरिया कुठला यापेक्षा तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली तर त्या सहा तासांत आपल्या घराची वीज, लिफ्ट, पाणी आणि रस्ता यातलं काय काय शिल्लक राहील?

याचं उत्तर विभागाच्या नावात मिळत नाही, जमिनीत मिळतं. आपण शाळेत शिकलो ती सात बेटं आठवा: कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. मधे खाजण, दलदल, भरतीला पाणी, ओहोटीला चिखल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, हॉर्नबी मुंबईचा गव्हर्नर असताना, महालक्ष्मी आणि वरळीच्या मधली खिंड बांध घालून बंद केली. आजचा हाजी अलीकडचा लाला लजपतराय मार्ग त्याच बांधावरून जातो. बांध झाल्यावर त्याच्यामागचा सखल भाग हळूहळू भरत गेला. ताडदेव, कामाठीपुरा, मुंबई सेंट्रल, भायखळ्याचा खालचा भाग, हे सगळं त्या खाजणात उभं आहे. १८३८ मध्ये कुलाब्याचा कॉजवे झाला, १८४५ मध्ये माहीमचा. अशा बांध-रस्त्यांनी बेटं एकमेकांना आणि पलीकडच्या साष्टीला, म्हणजे आजच्या वांद्र्यापासून मुलुंड-दहिसरपर्यंतच्या मोठ्या बेटाला जोडली गेली. टेकड्या फोडून तोच मुरूम-दगड खाड्यांत टाकला. नकाशावर एकच सलग शहर दिसायला लागलं.

पण उतार तेच राहिले. बेटाचा माथा होता तिथे आजही काळा दगड दोन-चार मीटरवर लागतो आणि पाऊस पडला की पाणी वाहून जातं. जिथे खाडी होती तिथे भरावाखाली आजही मऊ काळी चिकणमाती असते, कुठे कुठे दहा मीटरहून खोल, आणि आजूबाजूचं पाणी तिथेच येऊन थांबतं. जुन्या नावांतसुद्धा हे लिहिलेलं आहे. उमरखाडीत खाडी होती. पायधुणीला खाडीचा चिखल तुडवून आलेली माणसं पाय धुवायची असं सांगतात. धोबी तलाव, गोवालिया टँक हे खरोखरच तलाव होते, बुजवले. उलट डोंगरी, माझगावची भंडारवाडा टेकडी, शिवडीचा किल्ला, अँटॉप हिल, शीवचा किल्ला, रावळी कॅम्प ही सगळी उंचवट्यांची ठिकाणं. मी नव्या जागी ऑडिटला गेलो की आधी पत्त्यातलं जुनं नाव विचारतो, वाडीचं, गल्लीचं, तलावाचं. पन्नास वर्षं राहिलेले आजोबा ते लगेच सांगतात.

आता पाणी का साचतं, ते सांगतो, कारण त्यावरच तुमचा निर्णय ठरणार आहे. शहरातली जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती, तीही समुद्र ओहोटीला आहे असं धरून. २००५ नंतर ती ताशी ५० मिलिमीटरची करायचं काम जोरात निघालं आणि बरंच झालंही. पण मुंबईच्या बहुतेक वाहिन्यांची समुद्राकडची तोंडं मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. भरती चढली की समुद्राचं पाणी उलट आत येऊ नये म्हणून दरवाजे बंद करावे लागतात. त्या वेळी पाऊस पडत असेल तर पाणी फक्त पंपानं बाहेर काढता येतं. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, इर्ला, गझदरबंध ही पंपिंग स्टेशनं त्यासाठीच आहेत. म्हणजे नुसता किती इंच पाऊस पडला हे पुरेसं नाही, तो किती वाजता पडला हेही बघायला हवं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा झाला नाही. माझी मावशी तेव्हा कलिन्यात तळमजल्यावर राहायची. दोन दिवसांनी मी तिथे पोचलो. भिंतीवर छातीएवढ्या उंचीला सरळ तपकिरी रेघ होती, जणू सुतारानं पट्टी लावून मारलेली. लाकडी कपाट फुगून घट्ट बसलं होतं, पहार घालून दार उघडावं लागलं. आत खालच्या कप्प्यात घराचे कागद होते. करारनामा, शेअर सर्टिफिकेट, स्टॅम्प ड्युटीच्या पावत्या, सगळ्यांचा एकच लगदा झाला होता. मावशीनं तो लगदा उन्हात वर्तमानपत्रावर पसरला आणि पापड उलटतात तसा दर तासाला उलटत राहिली. ते कागद पुन्हा मिळवायला तिला दोन वर्षं लागली. मिठी नदी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यावरून निघते आणि माहीमच्या खाडीत मिळते. खाडीला भरती असताना वरून तेवढं पाणी आलं की ते कलिना, कुर्ल्यात पसरणारच. मावशीचं घर घेताना आम्ही स्टेशन, शाळा, बाजार सगळं बघितलं होतं. नदी किती लांब आहे हे कोणी विचारलं नव्हतं, मी इंजिनिअर असूनही.

तुमच्या तिन्ही घरांकडे येतो.

हिंदमाता. हा भाग बशीसारखा आहे. सगळीकडून उतार आत येतो, म्हणून दर पावसाळ्यात बातम्यांत हेच नाव. अलीकडे पालिकेनं प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर मैदानाखाली पाणी साठवायच्या मोठ्या टाक्या बांधल्या. भरतीच्या वेळी पाणी तिथे धरून ठेवायचं आणि ओहोटीला सोडायचं. त्यानं फरक पडलाय, मी स्वतः पाहिलाय. पूर्वी जिथे चार-सहा तास कमरेएवढं पाणी असायचं तिथे आता लवकर ओसरतं. पण टाकीला मर्यादा असते, आणि बशीची बशीच राहते. शिवाय नव्या इमारतींत एक गोष्ट मला सारखी दिसते. इमारत स्वतः खोल पाइल्सवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांवर, थेट खडकावर उभी असते, ती खचत नाही. आजूबाजूचा भराव मात्र खचतो. म्हणून नवी इमारत बघताना मान वर करून टॉवर बघू नका, खाली बघा. इमारतीचं जोतं आणि आवाराच्या फरशा यांच्यामधे फट पडलीये का? त्या फटीत नव्या सिमेंटची रेघ भरलीये का? रॅम्पच्या सुरुवातीला पायरीसारखा उंचवटा तयार झालाय का? तसं असेल तर जमिनीखालचे ड्रेनेजचे पाइपही तिथे कुठेतरी वाकलेले किंवा तुटलेले असतात. तळमजल्यावर शौचालयातून पाणी उलट येतं ते बऱ्याचदा यामुळे.

तिथे आणखी चार गोष्टी बघा: मीटरची खोली, जनरेटर, वीज कंपनीचं सबस्टेशन आणि जमिनीखालच्या टाकीचं झाकण. या चारही गोष्टी रस्त्यापासून किती उंच आहेत? पार्किंग खड्ड्यातलं यांत्रिक असेल तर पाण्याच्या पहिल्या तासात त्या गाड्या गेल्याच समजा. मीटर पोडियमवर, म्हणजे रस्त्यापेक्षा उंच चौथऱ्यावर घेतलेत, जनरेटर वर आहे, लिफ्ट पूर आला की आपोआप वरच्या मजल्यावर थांबते, टाकीचं तोंड तीन फूट उचललंय, अशा इमारती हिंदमातालाही आहेत, आणि त्या चांगल्या आहेत. तुमची तशी आहे का, हे एजंटला माहीत नसेल. वॉचमनला माहीत असतं. रात्रपाळीच्या वॉचमनला विचारा, "गेल्या पावसाळ्यात जनरेटर किती वेळा लावला?"

हे सगळं होकारार्थी आलं तरी रस्ता उरतोच. घर चालू राहील, पण सासऱ्यांना केईएम रुग्णालयात न्यायचं तर मधे तेच पाणी आहे. केईएम तिथून चालत जाण्यासारखं जवळ, आणि नेमक्या त्या दिवशी तिथे पोचता येत नाही. तुमच्या घरच्या परिस्थितीत मला हे फार जड वाटतं. तिशीतलं नोकरदार जोडपं असतं तर मी इतकं ताणलं नसतं.

शीव. नाव ऐकलं की लोक "उंचावर आहे" म्हणतात. अर्धं खरं. किल्ल्याच्या टेकडीच्या अंगाला जमीन खरंच उंच आहे, दगड जवळ आहे. पण शीवचाच रोड नंबर २४ आणि किंग्ज सर्कलचं गांधी मार्केट हे पाणी साचण्यासाठी इतके प्रसिद्ध आहेत की हिंदमाताच्या बरोबरीनं त्यांची नावं घेतली जातात. पाच-दहा मिनिटांच्या चालीत इतका फरक. तेव्हा तुमची सोसायटी टेकडीच्या बाजूला आहे की सखल बाजूला, हे चालत जाऊन बघा. सायकल असेल तर आणखी चांगलं, पेडल न मारता ती कुठे जाते तिथे पाणी जाणार.

जुन्या सोसायट्यांचा एक त्रास वेगळा आहे. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर बसतो आणि रस्ता चढत जातो. ४४ वर्षांपूर्वी जी इमारत रस्त्यापेक्षा दीड फूट उंच होती तिचं आवार आज रस्त्याच्या खाली असू शकतं. गेटमधून आत शिरताना पाय खाली उतरतो का, एवढंच बघा. उतरत असेल तर पावसात रस्त्याचं पाणी त्याच वाटेनं आत येतं. नव्या बांधकामाला पालिकेचं पर्जन्यवाहिनी खातं जमिनीची किमान पातळी घालून देतं, सहसा २७.५५ मीटर टीएचडी किंवा लगतच्या रस्त्यापेक्षा १५० मिलिमीटर उंच, यातलं जे जास्त असेल ते. टीएचडी म्हणजे टाउन हॉल डेटम. फोर्टातल्या टाउन हॉलच्या खुणेवरून मुंबईच्या पातळ्या मोजायची ही जुनी पद्धत आजही चालते. नकाशावर हा आकडा लिहिलेला असतो. जुन्या इमारतीचा आकडा मिळाला आणि तो २७ च्या आत-बाहेर असेल तर सावध व्हा, २९-३० च्या पुढे असेल तर निवांत.

पण शीवच्या घरात मला पाण्यापेक्षा लोखंडाची चिंता जास्त. ४४ वर्षं म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची इमारत. त्या काळातल्या कित्येक इमारतींत खाडीची वाळू नीट न धुता वापरलेली मी कोअर (तपासणीसाठी कापून काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा) काढल्यावर पाहिली आहे. मीठ आत असलं की सळई आतून गंजते, गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येते. महापालिकेच्या कायद्यानं ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं सोसायटीवर बंधनकारक आहे. त्याचा अहवाल मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क नाही, तुम्ही अजून सभासद नाही, पण विकणारा सभासद आहे. त्याला मागायला लावा. अहवाल नाहीच म्हणाले तर तेच तुमचं उत्तर समजा.

अहवालात वर्ग लिहिलेला असतो. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. तिथे पुढे वाचूच नका. सी-२ ए म्हणजे माणसं हलवून मोठी दुरुस्ती. सी-२ बी म्हणजे माणसं राहून दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. सी-२ बी, सी-३ ला मी घर घ्यायला हरकत घेत नाही. सी-२ ए असेल तर दुरुस्तीचा तुमच्या वाट्याचा खर्च किमतीतून वजा करून बोला, आणि पाच माणसांना घेऊन सहा महिने कुठे राहणार ते आधी ठरवा. त्याच अहवालात चाचण्यांचे आकडे असतात, अल्ट्रासोनिक, रिबाउंड हॅमर, कार्बोनेशन, हाफ सेल, कोअर. ते तुम्हाला कळले नाहीत तरी चालेल, पण चाचण्या केल्याच नसतील आणि नुसते फोटो लावून "इमारत सुस्थितीत" लिहिलं असेल तर तो कागद माझ्या लेखी ऑडिट नव्हे.

तुम्ही स्वतः काय करू शकता? पार्किंगमधल्या कॉलमला बोटाच्या पेरानं किंवा दुचाकीच्या किल्लीनं ठोकून बघा. चांगलं काँक्रीट टणक, बंद आवाज देतं. प्लास्टर सुटलेलं असेल तर रिकाम्या डब्यासारखं वाजतं. एका उभ्या रेषेत, कॉलमच्या कोपऱ्याजवळ, वरपासून खालपर्यंत गेलेली बारीक भेग असेल तर आत सळई गंजलेली आहे. आडव्यातिडव्या केसासारख्या भेगा प्लास्टरच्या असतात, त्यांना घाबरू नका. मग खालच्या, म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे चहाला जा आणि त्यांच्या बाथरूमचं छत बघा. तुम्ही घेणार असलेल्या फ्लॅटच्या न्हाणीघराची खरी अवस्था तिथे दिसते. पोपडे, पिवळट डाग, मधेच उघडी पडलेली सळई. विकणारा आपल्या घराला रंग देतो, शेजाऱ्याच्या छताला देत नाही.

आणि भिंतींची दिशा. मुंबईत पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो. ज्या घराची पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत बाहेरची आहे ते जूनपासून ओलं असतं. सासऱ्यांच्या श्वासासाठी हे फार महत्त्वाचं. ओल आणि बुरशी असलेल्या खोलीत ते मशीन लावूनही बरे राहणार नाहीत. घर पूर्वेकडे उघडत असेल आणि पश्चिमेला दुसरा फ्लॅट किंवा जिना असेल तर उत्तम. सोसायटीची एखादी इमारत पश्चिमेला आड असेल तरी चालेल.

मुलुंड. हे साष्टीचं बेट, आणि डोंगराकडची बाजू उंच. समुद्राच्या भरतीचा संबंध जवळजवळ नाही. मोठं घर मिळतं, नवं मिळतं. पण डोंगराच्या पायथ्याला पाणी वेगळ्या पद्धतीनं येतं, आडवं नाही, वरून. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूरच्या वाशी नाक्याला आणि विक्रोळीत उतारावरच्या घरांवर भिंत आणि दरड कोसळून पंचवीसहून जास्त माणसं गेली. त्याच रात्री भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात पाणी शिरलं आणि शहराचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला. तुमचा टॉवर झोपडीसारखा नाही, तो पडणार नाही. तरी डोंगर कापून केलेला प्लॉट असेल तर मागची संरक्षक भिंत बघा. तिला पाणी बाहेर पडायची भोकं आहेत का, त्यातून पावसात खरंच पाणी येतं का? कोरडी भोकं आणि ओली, फुगलेली भिंत दिसली तर मागे पाणी कोंडलंय. प्लॉटमधून किंवा शेजारून नाला जातो का, त्याचा मार्ग बिल्डरनं वळवलाय का, हे पालिकेच्या विकास आराखडा २०३४ च्या शेऱ्यात कळतं. सीटीएस नंबर, म्हणजे जमिनीचा नगर भूमापन क्रमांक, घालून तो शेरा ऑनलाइन काढता येतो. रस्तारुंदी आणि आरक्षणंही त्यातच दिसतात.

मुलुंडची माझी अडचण पाण्याची नाही, काळाची आहे. ताबा तीन वर्षांनी म्हणजे तीन वर्षं भाडं आणि हप्ता दोन्ही. महारेराच्या, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची पूर्ण व्हायची तारीख आणि मुदतवाढ किती वेळा घेतली ते दिसतं, नक्की बघा. पण सासऱ्यांचं आजचं वय आणि तब्येत बघता, त्यांच्यासाठी घर घेताय की त्यांच्यानंतरचं घर घेताय, हा प्रश्न तुम्हाला घरात बसून बोलावा लागेल. तो मी सोडवू शकत नाही. मुलगीही तोवर अकरावीत असेल, तिचं कॉलेज कुठे ते त्यात येईल.

कागदांबद्दल लवकर सांगतो, कारण ते वकिलाचं काम आहे. हिंदमाताच्या इमारतीला ओसी, म्हणजे पालिकेचा भोगवटा दाखला, आहे का आणि ती तुमच्या मजल्यापर्यंतची आहे का? शीवच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर होणं, झालंय का, प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव लागलंय का? जमीन पालिकेच्या किंवा कलेक्टरच्या भाडेपट्ट्याची असेल तर पट्टा कधी संपतो आणि हस्तांतरणाचं शुल्क किती? कन्व्हेयन्स नसलेल्या जुन्या सोसायटीत पुनर्विकास वर्षानुवर्षं अडतो, आणि शीवच्या घराची निम्मी किंमत तुम्ही त्या पुनर्विकासाच्या आशेवर देत आहात हे लक्षात असू द्या. जुन्या इमारतीवर कर्ज देताना बँकही उरलेलं आयुष्य विचारते. टोकन देण्याआधी बँकेशी बोला.

आता माझा कल. सोसायटी टेकडीच्या बाजूला असेल, आवार रस्त्याच्या वर असेल आणि अहवाल सी-२ बी किंवा सी-३ चा असेल तर शीव घ्या. यातली एक अट जरी चुकली तरी हिंदमाताकडे नका वळू, याच पट्ट्यात माटुंगा-शीवमध्ये उंचावरची दुसरी जुनी सोसायटी शोधा. ब्रिटिश काळातल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं आखलेल्या दादर-माटुंगा भागात रस्ते रुंद आहेत, झाडं आहेत, अँब्युलन्स वळते. तुमच्या बजेटमध्ये तिथे अवघड आहे, पण तळमजला वगळून लहान जागा अधूनमधून निघतात.

घाई मात्र करू नका. पावसाळा तोंडावर आलाय, विकणाऱ्यांना आत्ताच सौदा हवाय, आणि तुमच्यासाठी हेच तर बघायचे दिवस. पालिका दरवर्षी साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा आधी जाहीर करते. त्यातली एखादी तारीख धरा. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती साधारण दुपारी बारा-साडेबाराला आणि मध्यरात्री येते. यादी हाताशी नसेल तर कोळीवाड्यातला हिशेब आहेच, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ अंदाजे निघते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला. त्या वेळी पाऊस चालू असेल तर छत्री घेऊन निघा आणि गेटसमोर अर्धा तास उभ्या राहा.

उभं राहायला दुकान निवडा, किराण्याचं किंवा लाँड्रीचं. त्याच्या उंबऱ्याला किती नवे थर चढवलेत ते मोजा. सगळ्यात खालचा कप्पा जूनमध्ये रिकामा ठेवलाय का बघा. मागच्या वर्षी परळमध्ये एका किराणावाल्याकडे मी असाच थांबलो होतो. तांदळाच्या गोण्या विटांवर, विटा लाकडी फळीवर, आणि फळी चार रिकाम्या तेलाच्या डब्यांवर ठेवलेली. सगळ्याची उंची बरोबर माझ्या गुडघ्याएवढी. समोरच्या नव्या इमारतीच्या माहितीपत्रकात ती पातळी कुठेही लिहिलेली नव्हती. त्या दुकानदारानं मला तारखाही सांगितल्या, कुठल्या वर्षी कुठल्या डब्यापर्यंत पाणी आलं ते.

शीवच्या ऑडिटचा अहवाल हाती आला की त्यातलं निष्कर्षाचं पान, चाचण्यांचे तक्ते आणि कॉलमची स्थाननिशाणी असलेला नकाशा, एवढ्याचे स्वच्छ फोटो मला पाठवा. तुमच्या फ्लॅटखालून कुठले कॉलम जातात ते नकाशावर खूण करून पाठवलंत तर मी नेमक्या त्याच कॉलमचे आकडे वाचून सांगेन. सासऱ्यांची खोली कुठल्या दिशेला ठरवताय तेही लिहा.